कॅम्पिंगला दर वेळी काहीतरी राहतं किंवा बिघडतं: सामान बांधताना नेमकं काय चुकतं

तंबू आहे, स्लीपिंग बॅगा आहेत, डिकी काचेपर्यंत भरलीय, आणि पवनेच्या काठावर कुकर चढवताना कळतं की शिट्टी घरी ओट्यावरच सुकत पडलीय. पुढच्या वेळी शिट्टी आठवणीने घेतली जाते आणि सांडशी राहते. यादी दर खेपेला लांबत जाते, तक्रार मात्र तीच.

राहिलेल्या आणि ऐनवेळी बिघडलेल्या वस्तू एकदा समोर मांडल्या, तर त्यांचे दोन सरळ गट पडतात. रोज वापरातली वस्तू घरी राहते, कारण निघण्याच्या सकाळपर्यंत ती कोणाच्या तरी हातात असते, बॅगेत जाऊच शकत नाही. वर्षातून एकदा निघणारी वस्तू सोबत येते, पण दगा देते, कारण ती मुंबईचा अख्खा पावसाळा माळ्यावर काढून आलेली असते. दोन्हींची कारणं वेगळी, म्हणून उपायही वेगळे. एकच लांबलचक यादी दोन्हींवर चालत नाही.

स्वयंपाकघरातल्या वस्तू राहतात

कुकरची शिट्टी आणि रबर, सांडशी, चहाची गाळणी, गॅसचा लायटर, मीठ, सुरी, चार्जर, चष्मा, आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या. यातलं एकही कॅम्पिंगचं सामान नाही, म्हणून कॅम्पिंगच्या यादीत ते येत नाही. "चहाचं सामान" असं लिहिलं की डोक्यात चहापूड आणि साखर येते. प्रत्यक्षात चहाला पाणी, पातेलं, शेगडी, गॅस, लायटर, चहापूड, साखर, दूध, गाळणी, सांडशी, कप आणि चोथा टाकायला पिशवी एवढं लागतं. म्हणून यादी वस्तूंची करू नका, कामांची करा: तंबू उभारणं, चहा, रात्रीचं जेवण, भांडी घासणं, झोपणं, रात्री शौचाला जाणं, नाश्ता, आवरणं. एकेका कामापुढे त्याला हाताशी काय काय लागतं ते लिहा. तासाभराचं काम आहे, पण एकदाच करायचं असतं.

त्यानंतर घरातल्या वस्तू नेणंच बंद करा. २५ ते ३० लिटरचा, झाकणाला क्लिपा असलेला प्लॅस्टिकचा डबा घ्या आणि त्यात दुसरा संच कायमचा ठेवा: सांडशी, गाळणी, सुरी, सोलाणं, डाव, झारा, पोहे भिजवायला चाळणी, लायटर आणि शिवाय मेणकापडात गुंडाळलेल्या दोन काडेपेट्या (दमट हवेत लायटरची ठिणगी पडत नाही), मीठ, हळद, तिखट, सुतळी, कपड्यांचे चिमटे, भांड्याचा साबण, घासणी, दोन जुने पंचे, कचऱ्याच्या मोठ्या पिशव्या. कुकर घरचाच न्यायचा असेल तर जादा शिट्टी आणि जादा रबर या डब्यातच असू द्या. ही सगळी खरेदी एखाद्या स्लीपिंग बॅगेपेक्षा स्वस्त पडते आणि उपयोग तिच्याहून जास्त होतो.

चष्मा, औषधं, फोन, चार्जर यांचे दोन संच परवडत नाहीत. त्यांच्यासाठी आदल्या रात्री दाराच्या कडीला रिकामी पिशवी अडकवा आणि सकाळी वापरून झालं की वस्तू तिच्यातच टाका. पिशवी काढल्याशिवाय दार उघडत नाही, एवढाच तिचा गुण.

माळ्यावरचा तंबू

जास्तीत जास्त नुकसान इथेच होतं, आणि ते काठावर पोहोचल्यावर दुरुस्त होत नाही. म्हणून निघण्याच्या दोन आठवडे आधी तंबू उघडाच. सोसायटीची गच्ची मिळाली तर उत्तम, नाहीतर हॉलमधलं टेबल सरकवा. खुंट्यांशिवायही डोम तंबू उभा राहतो.

*कापड चिकट लागतंय, आंबूस वास येतोय.* ही बुरशी असेलच असं नाही. तंबूच्या वरच्या आवरणाला आतून पॉलियुरेथेनचा लेप असतो. दमट हवा आणि उष्णता मिळाली की हवेतल्या बाष्पाने तो लेप हळूहळू फुटतो, आधी चिकट होतो, मग पापुद्रे सुटतात. घट्ट गुंडाळून, स्लॅबखालच्या तापलेल्या माळ्यावर जून ते सप्टेंबर ठेवलेल्या तंबूचं हे ठरलेलं आहे. नुसता थोडा चिकटपणा असेल तर कोमट पाणी आणि सौम्य साबणाने मऊ स्पंजने पुसून सावलीत खडखडीत वाळवा. एक-दोन हंगाम निघतात. पापुद्रे सुटत असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने जुना लेप खरवडून नवा लेप द्यावा लागतो, आणि चौघांच्या स्वस्त तंबूवर एवढी मेहनत करण्यात अर्थ नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मुख्यतः दवच पडतं. तेवढ्यापुरता तोच तंबू ताडपत्रीखाली लावा आणि पुढच्या वर्षी बदला. वॉशिंग मशीनमध्ये मात्र तंबू कधीही टाकू नका, उरलेला लेपही जातो.

काळे-हिरवे ठिपके दिसत असतील तर ती बुरशी. पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसा आणि उन्हात नाही, वाऱ्यावर वाळवा. डाग राहतील, पण पसरणार नाहीत. ब्लीच वापरलं तर कापड आणि शिवण दोन्ही कमजोर होतात.

*शिवणीवरची पारदर्शक पट्टी सुटलीय.* सुटलेला भाग ओढून काढा, अल्कोहोलने पुसा आणि शिवणीचा सीलंट ब्रशने आतल्या बाजूने लावा. वाळायला एक रात्र द्या. लेप सिलिकॉनचा असेल तर पॉलियुरेथेनचा सीलंट त्यावर धरत नाही, सिलिकॉनचाच लागतो. तंबूवरचं लेबल वाचून मग विकत घ्या.

*काठ्या सैल पडल्यात, जोड सुटतायत.* आतली इलॅस्टिकची दोरी मेलीय. २.५ ते ३ मिलिमीटर जाडीची नवी दोरी ओवता येते. टोकाची टोपी काढा, जुन्या दोरीला नवी बांधून ओढून घ्या, काठीच्या लांबीपेक्षा साधारण वीतभर आखूड ठेवून गाठ मारा. दोरी लवकर मरू नये म्हणून काठी घडी करताना मधल्या जोडापासून सुरुवात करायची, टोकापासून नाही. आणि तंबूच्या नळीत काठी घालताना ती मागून ढकलायची, पुढून ओढायची नाही. ओढली की आतल्या आत जोड सुटतो, टोक बाहेर येत नाही, आणि मुलं वैतागून जोर लावतात तिथे फायबरग्लास चिरतो.

चिरलेल्या काठीवर ॲल्युमिनियमची १० ते १२ सेंटिमीटरची नळी सरकवून दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी गुंडाळली की मुक्काम निघतो. नळीचा आतला व्यास काठीच्या जाडीपेक्षा किंचित मोठा हवा, म्हणून काठी मोजून मगच नळी घ्या. नागदेवी स्ट्रीटवरच्या हार्डवेअरच्या दुकानांत अशी नळी कापून मिळू शकते. तिथे जाताना काठीचा एक तुकडाच खिशात ठेवलेला बरा. चिरलेल्या जागी उघड्या हाताने धरू नका, काचेची कुसळं बोटात जातात.

*खुंट्या वाकतात.* तंबूसोबत येणाऱ्या बारीक तारेच्या खुंट्या बागेतल्या मातीसाठी असतात. सह्याद्रीतल्या मुरमात आणि कातळावरच्या पातळ मातीत त्या पहिल्याच घावाला वाकतात. सहा इंची जाड लोखंडी खिळे आणि त्यांच्या डोक्याखाली मोठा वॉशर, एवढं पुरतं. चौघांच्या तंबूला १२ ते १६ खिळे लागतात, सोबत अर्धा किलोची हातोडी. दगड शोधत फिरण्याचा उत्साह संध्याकाळी नसतो. नागाव-काशीदच्या वाळूत मात्र खिळाही धरत नाही. तिथे बाजाराची कापडी पिशवी वाळूने भरा, तोंडाला दोरी बांधा आणि फूटभर खोल आडवी पुरा. भरतीची रेघ पाहूनच जागा ठरवा.

*टॉर्च लागत नाही.* सेल आत ठेवूनच टॉर्च माळ्यावर गेला असेल तर सेल गळून स्प्रिंगवर पांढरी-हिरवी पूड साचते. अल्कलाइन सेलची पूड व्हिनेगर लावलेल्या कापसाने पुसा, वाळवा, बारीक पॉलिश पेपर फिरवा. बहुतेक टॉर्च परत चालू होतात. यापुढे सेल वेगळ्या पाकिटात. माणशी एक डोक्याला लावायचा टॉर्च हवा, मुलांनाही. "एक मोठा सगळ्यांना पुरेल" हा हिशेब रात्री कोणी एक जण शौचाला उठला की कोलमडतो.

*हवेची गादी पहाटे चपटी.* घरी फुगवून रात्रभर राहू द्या आणि वर वजन ठेवा. घरी टिकली आणि तिथे बसली, तर भोक नसेल. संध्याकाळी भरलेली ऊबदार हवा पहाटे आकसते, एवढंच. झोपण्याआधी पुन्हा चार पंप मारा. घरीही बसली तर साबणाचं पाणी लावून बुडबुडा शोधा. बऱ्याचदा तो झाकणापाशीच निघतो.

सकाळी आत सगळं ओलं

तंबू गळतो अशी तक्रार घेऊन लोक नवा तंबू घेतात आणि तोही "गळतो". आधी ओल कुठे आहे ते बघा. वरच्या आवरणाच्या आतल्या अंगाला सगळीकडे सारखे थेंब असतील तर ती गळती नाही, तुमचाच श्वास आहे. चार माणसांच्या श्वासातून आणि घामातून रात्रभरात साधारण लिटरभर पाणी हवेत जातं. ते बाहेर गेलं नाही तर थंड कापडावर जमतं. एकाच शिवणीखाली ओल असेल तर गळती. गादीखाली, जमिनीकडून ओल असेल तर दोष तंबूखाली अंथरलेल्या ताडपत्रीचा.

ताडपत्रीची चूक सर्वांत जास्त आढळते आणि सर्वांत सोपी आहे: ती तंबूपेक्षा मोठी असते. बाहेर राहिलेल्या कडेवर दव आणि पाणी जमतं आणि घरंगळत थेट तुमच्या खाली येतं. चारी बाजूंनी तंबूपेक्षा पाच ते आठ सेंटिमीटर लहान हवी. मोठी असेल तर कडा आत दुमडा, खालच्या बाजूला.

श्वासाच्या पाण्यासाठी वरची जाळी उघडी ठेवा आणि दाराची चेन वरून वीतभर उघडी. थंडी वाजते म्हणून सगळं बंद करणं हीच चूक. बाहेरचं आवरण दोऱ्यांनी ताणून आतल्या कापडापासून सुटं ठेवा, दोन्ही चिकटले की थेंब आत येतात. ओले टॉवेल आणि बूट बाहेरच्या ओसरीत. जागा अगदी पाण्याला लागून घेऊ नका, जड थंड हवा आणि दमटपणा तिथेच साचतो. काठापासून थोडी वर, चढाकडची जागा उबदार आणि कोरडी राहते. झाडाखाली दव कमी पडतं, पण वर वाळकी फांदी नाही ना ते पाहून घ्या.

थंडीचंही इथेच सांगून टाकतो, कारण मुंबईकर ती कमी धरतात. डिसेंबर-जानेवारीत भंडारदऱ्याला पारा १० अंश सेल्सिअसच्या खाली उतरतो, आणि घरात स्वेटर असतो तो एखाद्याकडे. रात्री गारठा जमिनीकडून येतो. जादा गोधडी अंगावर न घेता अंगाखाली घाला. हवेच्या गादीच्या पोटातली हवाही गारच असते, तिच्यावर सतरंजी किंवा फोमची चटई हवीच. सहा मिलिमीटरच्या योगा मॅटने भागत नाही. प्रत्येकाचे रात्रीचे कपडे, मोजे आणि कानटोपी वेगळ्या बंद पिशवीत ठेवा आणि झोपेपर्यंत उघडू नका. दिवसभर घातलेला सुती टी-शर्ट घामाने ओलसरच असतो, आणि त्यात झोपलेलं मूल पहाटे तीनला कुडकुडत उठतं.

गॅस

शेगडी आणि कॅन जुळत नाहीत, ही दुकानातून निघतानाच झालेली चूक असते. उंच, केसांच्या स्प्रेसारखा कॅन खाचेत बसतो, बुटका कॅन आट्यांवर फिरवून बसवतात. घरी जोडून, एकदा पेटवून बघा.

२२० ग्रॅमचा ब्यूटेनचा एक कॅन मोठ्या आचेवर सव्वा तासाच्या आसपास चालतो. चौघांच्या एका मुक्कामात संध्याकाळचा चहा, खिचडी, सकाळचा चहा, पोहे आणि थोडं गरम पाणी धरलं तर दोन कॅन लागतात, तिसरा राखीव. अर्धवट वापरलेल्या कॅनमध्ये किती उरलंय ते हलवून कळत नाही. नवा कॅन घरच्या वजनकाट्यावर ठेवून आकडा मार्करने त्यावर लिहून ठेवा, पुढच्या वेळी वजाबाकी करा.

पहाटे आच मंद होते कारण ब्यूटेन शून्य अंशाच्या जवळपासच उकळतो. गार हवेत कॅनमधला दाब पडतो, आणि वापरताना कॅन आणखी थंड होतो. दुसरा कॅन लावा आणि पहिला तळहातात धरून किंवा कोमट पाण्यात ठेवून ऊब द्या. गरम पाणी नको, विस्तव तर नाहीच. शेगडीच्या कडेलाच कॅनचा कप्पा असतो, तो झाकला जाईल एवढा मोठा तवा ठेवू नका आणि वाऱ्यासाठी चारी बाजूंनी पत्रा लावू नका. कॅन तापून फुटू शकतो. उन्हात बंद गाडीतही कॅन सोडायचा नाही.

तंबूत शेगडी किंवा कोळशाची सिगडी कधीही नाही, दार उघडं ठेवूनही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपेतल्या माणसाला काही कळतही नाही.

कसारा किंवा कर्जत लोकलने जाणार असाल तर गॅसचा कॅन, रॉकेल, पेट्रोल घरीच. रेल्वेत ज्वालाग्राही सामान नेणं १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. अशा वेळी बेत बिनआचेचा ठरवा: धपाटे, चटणी, दशम्या, फळं. चहा मुक्कामाच्या जागी विकत.

खाणं आणि पाणी

खिचडीचं सामान घरीच एका पिशवीत भरून नेतात आणि तिथे लक्षात येतं की तांदूळ धुता येत नाहीत, मीठ-हळद वाहून जाईल. चौघांना ३०० ग्रॅम तांदूळ आणि १५० ग्रॅम मूगडाळ एका पिशवीत, मसाल्याची पुडी वेगळी. कुकर पाच लिटरचा न्या. तांदूळ-डाळ आणि पाणी मिळून कुकर निम्म्याच्या वर भरला की शिट्टीतून पिवळं पाणी उडतं आणि शेगडी विझते. पोह्यांना २५० ग्रॅम जाड पोहे पुरतात. कोथिंबीर धुऊन नेऊ नका, कोरडीच कागदात. ओल्या नारळाची चटणी मुंबईच्या उकाड्यात दुपारपर्यंतही भरवशाची नाही, लसणाची सुकी चटणी न्या. दूध टेट्रापॅकचं घेतलं की अर्धा बर्फ वाचतो.

बर्फ लवकर संपतो याचं कारण बराचसा बर्फ पेटी (आइसबॉक्स) थंड करण्यातच जातो. आदल्या रात्री पेटीत थोडा बर्फ टाकून तिला गार करा आणि सकाळी तो काढा. सुट्या चुऱ्याऐवजी एक लिटरच्या बाटल्या, नव्वद टक्के भरून, २४ तास आधी फ्रीजरमध्ये. २५ लिटरच्या पेटीला चार-पाच. वितळल्या तरी डबे भिजत नाहीत आणि पाणी प्यायला होतं. मसाला लावलेलं चिकन घट्ट झाकणाच्या डब्यात गोठवून तळाशी, दही-पनीर त्यावर. थंड पेयं दुसऱ्या पिशवीत, कारण दर दहा मिनिटांनी कोणीतरी पेटी उघडतं ते त्यांच्यासाठीच. बर्फाबाहेर पडलेलं मांस, दूध, दही दोन तासांत संपवायचं. ३२ अंशांवर उकाडा असेल तर तासाभरात.

पाणी माणशी दिवसाला तीन लिटर पिण्याचं धरा, स्वयंपाकाचं वेगळं. चौघांच्या एका मुक्कामाला २० लिटरचा एक जार आणि धुण्या-भांड्यांसाठी तेवढंच दुसरं. जारला नळ किंवा दाबायचा पंप हवाच, वीस किलो उचलून ओततानाच निम्मं सांडतं. धरणाचं पाणी प्यायची वेळ आलीच तर गाळून, खळखळून एक मिनिट उकळून.

डिकी भरण्याचा क्रम

डिसेंबरात संध्याकाळी सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि शनिवारी एक्स्प्रेसवेचा घाट कधी मोकळा होईल ते कोणी सांगू शकत नाही. तेव्हा अंधारात पोहोचणार असं धरूनच भरा. कपडे आणि अंथरूण तळाशी, स्वयंपाकाचा डबा त्यावर, ताडपत्री, तंबू, खिळे आणि हातोडी सगळ्यांत वर. पाण्याचे जार पुढच्या सीटच्या मागे, खाली. टॉर्च, डासांची क्रीम, पाण्याची बाटली, फरसाण आणि मुलांचे स्वेटर एका पिशवीत, पायापाशी. घाटात ओकणाऱ्याची पिशवीही तिथेच. आजी-आजोबा सोबत असतील तर घडीची खुर्ची ही चैन नाही. जमिनीवरून उठता येत नाही म्हणून ते संध्याकाळभर गाडीतच बसून राहतात.

औषधांच्या डब्यात क्षारसंजीवनीच्या पुड्या घेताना वेष्टन वाचा. मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी, लहान २०० मिलिलिटरसाठी असते. साप चावला तर कापू नका, चोखू नका, आवळपट्टी बांधू नका, हातपाय हलू न देता १०८ ला फोन करा. नेटवर्क नसलेल्या जागी जवळचं सरकारी रुग्णालय कुठे आहे ते घरून निघतानाच कागदावर लिहून घ्या.

परत आल्यावर

रविवारी रात्री थकून आलेला ओलसर तंबू पिशवीसकट माळ्यावर जातो, आणि पुढच्या वर्षीचा बिघाड तिथेच सुरू होतो. त्याच रात्री तो बाल्कनीच्या दांडीवर किंवा दारांवर पसरून टाका, पंखा लावा, शिवणी उलटून दोन दिवस वाळवा. मग घट्ट पिशवीत कोंबू नका. जुन्या सुती अभ्र्यात सैल गुंडाळून कपाटात ठेवा, माळ्यावर नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवणार असाल तर १०० ग्रॅम सिलिका जेल टाका. उघड्या माळ्यावर सिलिका जेल पंधरा दिवसांत हवेतली ओल शोषून भरून जातं आणि नुसतं पडून राहतं. स्लीपिंग बॅगाही दाबलेल्या पिशवीतून काढून हँगरवर लावा. स्वयंपाकाच्या डब्यातलं मीठ-मसाला काढून घ्या, आणि काय संपलं, काय वापरलंच गेलं नाही ते झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीवर लिहून ठेवा.